बाळंतिणीच्या खोलीतला हिटर

माझ्या बाबांना दोन गोष्टींचं वेड आहे. एक, जुने रॉकेलचे हिटर. दोन, ते हिटर वापरणाऱ्याला झापणं. पहिलं वेड निवृत्तीनंतर लागलं. दुसरं जन्मापासून असावं, कारण हिटर नव्हते तेव्हाही ते आईला कुकरच्या शिट्टीवरून आणि मला पंख्याच्या बटणावरून झापायचेच.

आमचं घर कर्जत तालुक्यात, भिवपुरी स्टेशनापासून बरंच आत, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी. घरामागे भाताचं शेत. भात कापून झालं की त्याच शेतात आम्ही तंबू ठोकतो आणि मुंबईची माणसं हौसेनं त्यात झोपायला येतात. कापलेल्या भाताचे खुंट पाठीला टोचतात, तरी येतात. आल्या आल्या 'काय शांतता आहे' म्हणतात आणि लगेच मोबाइलवर गाणी लावतात. मग संध्याकाळी डोंगरावरून वारा उतरतो, स्वेटर कुणी आणायचा होता यावरून नवरा-बायकोची जुंपते आणि कुणीतरी बाबांना विचारतं, काका, काही गरम करायची सोय आहे का? बाबा याच प्रश्नाची दुपारपासून वाट बघत असतात.

हे हिटर माथेरानच्या एका जुन्या हॉटेलातले. त्यांनी अडगळीची खोली रिकामी केली, तेव्हा बाबांनी ते भंगारवाल्याच्या आधी जाऊन उचलले. वर गाडी जात नाही, म्हणून ते दस्तुरीच्या गाडीतळापर्यंत घोड्यावरून आले, आणि बाबा घोड्याशेजारून चालत, टाकीला पोचा पडू नये म्हणून हात लावून. लग्नात आईला आणताना त्यांनी एवढी काळजी घेतली नव्हती, असं आईचं म्हणणं आहे. खाली पितळेची टाकी, तिला स्टोव्हसारखा पंप, वर तापून लाल होणारा जाळीचा घुमट आणि मागे उष्णता पुढे फेकणारा चकचकीत पत्रा. कुठल्यातरी साहेबाच्या शिकारीच्या तंबूतला असावा, असं बाबा प्रत्येक हिटरबद्दल सांगतात. जेवढे साहेब नव्हते तेवढे हिटर आमच्याकडे आहेत.

रेशनवरचं रॉकेल बंद झालं, तरी बाबा कुठून कुठून कॅन पैदा करतात. हिटर पेटवणं हा त्यांचा रोजचा प्रयोग असतो आणि पाहुण्यांना तो बसून बघावा लागतो. टाकी गार असतानाच भरायची, तीही उघड्यावर, तोंडापर्यंत नाही. स्पिरिटच्या काकड्यानं नळी नीट तापवायची, घाई केली तर कच्चं तेल वर येऊन भडका उडतो. जमीन सपाट हवी. आजूबाजूला ओढणी, पडदा, पेपर काही नको. विझवताना फुंकायचं नाही, हवेचा स्क्रू सैल करायचा. "आणि यात कुणी पेट्रोल घातलं," बाबा चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत म्हणतात, "तर घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा, हार घालायला फोटो कुठला चांगला हाय तो."

शेवटचा नियम ते उभं राहून सांगतात. हिटर तंबूत न्यायचा नाही. बंद जागेत तो हवा खातो आणि त्या बदल्यात जो गॅस सोडतो, त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड झालं, मळमळलं, उगाच झोप यायला लागली, तर आधी बाहेर या, विचार नंतर करा. एका माणसानं हा नियम मोडला होता. बाबांनी त्याला तंबूतून बर्म्युड्यासकट ओढून काढला आणि त्याच्या बायकोसमोर असा काही सोलला की ती बाई दर हिवाळ्यात बाबांना फोन करून ख्यालीखुशाली विचारते.

मी हे भाषण इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. झोपेतच म्हणायची वेळ यायची होती, ते तेव्हा कळलं नव्हतं.

मी वाशीला नोकरी करते, नवरा पुण्याला. पहिलं बाळंतपण माहेरी, या नियमाला आमच्याकडे अपवाद नाही, त्यामुळे ऐन थंडीत मी पोटासकट भिवपुरीला येऊन पडले. मुलगी कर्जतच्या दवाखान्यात झाली. सुटसुटीत झाली, असं सगळ्यांनी मला सांगितलं. म्हणजे मी सोडून बाकी सगळ्यांना ती सुटसुटीत वाटली. घरी आले तर आत्या येऊन बसलेली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, खालापूरकडच्या गावात दिलेली. नात्यात कुणाचे दिवस भरत आले की ती न बोलावता बोचकं घेऊन हजर होते. बोचक्यात ओवा, शेपा, तेलाची बाटली आणि जुन्या लुगड्यांच्या मऊ चिंध्या. "दवाखाना नुसता पोर काढतो," ती म्हणते, "बाळंतपण आमी करतो." या वाक्यापुढे आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही. बाबांचं तर मुळीच नाही. पन्नास तंबूवाल्यांना उभं-आडवं झापणारा हा माणूस आक्कासमोर चप्पल काढून उभा राहतो.

तिनं आल्या आल्या मला मागच्या खोलीत घातलं आणि बाबांना खोली बंद केली. बारा दिवस सोयर, बापयानं उंबरा ओलांडायचा नाही. दवाखान्यात बाबांनी नातीला तासभर मांडीवर घेऊन तिचे फोटो काढले होते. तेव्हा सोयर बहुतेक बाहेर पार्किंगमध्ये थांबलं असावं. मी हे आत्याला बोलून दाखवलं, तर तिनं माझ्या कानाला आणखी एक फडकं बांधलं.

कानाला फडकं, कारण वारा. माझ्या बाळंतपणात खरी खलनायिका सासू नव्हती, वारा होता. तो कानातून शिरतो, कमरेतून शिरतो, दात घासताना शिरतो, जास्त बोललं की पोटात शिरतो आणि म्हातारपणी बाहेर येतो. त्याला अडवायला आत्यानं दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि सकाळी तेल, आंघोळ, धुरी झाली की बाजेखाली कोळशाचं घमेलं सरकवलं. शेक. तिची पद्धत तिला ठाऊक होती आणि खरं सांगते, पहिले दोन शेक मला स्वर्गसुख वाटले. शिवलेल्या, पिळलेल्या अंगाला खालून ऊब लागते तेव्हा माणूस स्त्रीमुक्तीच्या चळवळी वगैरे सगळं विसरतं.

पण ही पद्धत आत्याच्या सासरच्या कौलारू घरातली. तिथे वरून धूर जातो, कुडाच्या भिंतीतून हवा येते, चिंध्या कितीही कोंबा, घर आपल्या परीनं श्वास घेतच राहतं. आमचं घर स्लॅबचं. सरकत्या काचांच्या खिडक्या, भिंतींना पुट्टी, वर पांढरंशुभ्र छत. दोन दिवसांत त्या छतावर बाजेच्या बरोब्बर वर काळा डाग पडला. आईनं डाग बघितला आणि तिचा जीव वरखाली व्हायला लागला. रंग दिवाळीला दिलेला. बारशाला माणसं येणार, नेमकी वर बघणार.

"कोळसे नकोत," आई म्हणाली. "हिटर लावू. त्याला धूर नाय."

धूर नाही हे वाक्य बाबांचंच. पाहुण्यांसमोर ते फुशारकीनं म्हणायचे, बघा, धुराचा पत्ता नाही. त्यांच्या भाषणातलं एवढं एकच वाक्य आईनं इतकी वर्षं मन लावून ऐकलं होतं.

दाराबाहेर वाटाघाटी झाल्या. मी आतून सगळं ऐकत होते.

"आक्का, हिटर खोलीत नाय लावायचा," बाबा म्हणाले.

"मग पोरीला गारठून मारू?"

"कोळसा काय वाईट होता?"

"छत बघितलंस?" आई म्हणाली.

छत बघायला बाबांना आत येता येत नव्हतं. मग त्यांनी अटी घातल्या. दार उघडं. खिडकी उघडी. टाकी मी भरीन, अंगणात. पोरगी झोपली की विझवायचा.

"दार उघडं ठेवायचं तर तिला चव्हाट्यावरच बसवू की," आत्या म्हणाली. "खिडकी ठेवीन उघडी. जा तू."

दार वगळून करार झाला. बाबांनी स्वतः हिटर पेटवला, जाळी लाल झाल्यावर आईच्या हातात दिला आणि तो पाटावर, बाजेच्या पायथ्याशी, माझ्याकडे तोंड करून विराजमान झाला. त्या वेळी बाबांचा चेहरा मला अर्ध्या उघड्या दारातून दिसला. मुलीला सासरी पाठवताना असतो तसा होता, पण तो माझ्यासाठी होता की हिटरसाठी, सांगता येत नाही.

खिडकी उघडी होती हे खरं. काच सरकवलेली होती. फक्त काचेच्या आतल्या बाजूला आत्यानं गोधडी लावली होती, वरून खिळे ठोकून, खालून चिंध्या दाबून. बाबा मागच्या अंगणातून येऊन बघायचे. काच सरकलेली, गजाआड अंधार. समाधानानं परत जायचे.

"आत्या, बाबांनी उघडी ठेवायला सांगितलीय," मी म्हटलं.

"तुज्या बाबानं किती बाळंतपणं केली?"

मी पांघरूण ओढून घेतलं. वाद घालायची इच्छाही नव्हती, कारण हिटर फार छान होता. कोळशाचा धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत, नुसती गुलाबी ऊब. पोटभर खीर, अंगाला तेल, खोलीत ओव्याचा वास. आई पायाशी बसून टोपडं शिवायची, आत्या बाळाला मांडीवर घेऊन पेंगायची. मला वाटायचं, हेच ते माहेरपण, ज्याबद्दल बायका एवढं बोलतात.

मग माझं डोकं दुखायला लागलं.

"वारा लागला," आत्या म्हणाली आणि कानाचं फडकं आवळलं.

दुपारी मळमळलं. लाडू बाधला म्हणून आईनं लाडू बंद केला. दुसऱ्या दिवशी डोकं जास्त दुखलं, तेव्हा वारा नक्की कुठून येतोय याचा तपास झाला आणि गोधडीच्या कडेची बोटभर फट सापडली. तीही बुजवली. हिटर शेकाच्या वेळेपुरता होता, तो आता सकाळपासून जेवणापर्यंत राहायला लागला. माझं डोकं दुखेल तितकी खोली बंद, खोली बंद होईल तितकं डोकं दुखणार. आईचंही दुखत होतं, ते जागरणानं. आत्याचं गरगरत होतं, ते वयानं. तीन बायका एका खोलीत बसून एकच दुखणं भोगत होत्या आणि प्रत्येकीकडे त्याचं वेगळं कारण होतं.

मला आठवत होतं का बाबांचं भाषण? होतं की. डोकं जड झालं की आधी बाहेर या. शब्द न् शब्द येत होता, पण तो तंबूवाल्यांसाठी होता. मुंबईच्या मूर्ख माणसांना सांगायची गोष्ट ती. मी माझ्या घरात, माझ्या आईजवळ, नाकापर्यंत पांघरूण घेऊन पडले होते. शिवाय झोप इतकी गोड येत होती की विचार सुरू केला तरी अर्ध्यात संपायचा.

आणि बाळ शहाणं झालं. हे सगळ्यांत भयंकर. दवाखान्यातून आली तेव्हा माझी मुलगी अशी रडायची की शेतातल्या पाहुण्यांनी बाबांना विचारलं होतं, काका, रात्री मोर ओरडतात का? ती आता रडेनाशी झाली. दूध ओढता ओढता झोपायची, उचललं तरी झोपलेलीच. आत्यानं तिची दृष्ट काढली. किती गुणी गं बाय, म्हणाली. आईनं माझ्या नवऱ्याला फोन करून सांगितलं, तुमच्यावर गेलीय, अगदी शांत. तोही तिकडे खूष.

शांतता फक्त एका माणसाला खुपली. ज्याला आत येता येत नव्हतं, त्याच्याकडे नातीचा तेवढा आवाजच होता. तंबूंच्या दोऱ्या बांधताना, टाक्या पुसताना ते तिचं रडणं ऐकायचे आणि एकटेच हसायचे, हे मला पुढे आईनं सांगितलं. त्या दिवशी जेवणाच्या आधी ते दाराशी आले.

"पोर रडली नाय आज?"

"शहाणी झालीय," आई आतून म्हणाली.

"काल पण नाय रडली."

"मग रडवू का तिला तुज्यासाठी?" आत्या म्हणाली. "जा रं, झोपलीय ती."

मला एवढं अंधूक ऐकू आलं. मग पावलं गेली. मग खिडकीकडून कसलासा आवाज आला. मी मान वळवली, ती वळवायलाही खूप वेळ लागला, आणि मला गोधडी हलताना दिसली. मध्येच फुगली, आत आली, बाहेर गेली. बाबांनी गजातून हात घातला होता. उघड्या खिडकीत हात घातला आणि तो गोधडीला लागला.

त्यांनी शिवी दिली. माझ्या बाबांच्या तोंडून तसली शिवी मी कधी ऐकली नव्हती आणि ती त्यांनी आपल्या आक्काला दिली. मग ते गोधडी ओढायला लागले. खिळे पक्के होते, आत्याचं काम ते. बाबा गजांमधून दोन्ही हात घालून ओढत होते आणि गोधडी फाटत होती, जुन्या लुगड्यांचे थर एकेक करून फाटत होते, लाल, हिरवा, फुलाफुलांचा. आत्या ओरडली, "वारा! वारा शिरंल!" आणि उठायला गेली, तर उठता येईना. ती तशीच भिंतीला धरून खाली बसली. तिचा चेहरा तेव्हा मी बघितला. पहिल्यांदाच तिला काही समजत नव्हतं.

मग दार लाथेनं उघडलं. चिंध्या उडाल्या. बाबा चपला घालून आत आले, शेतातल्या मातीनं माखलेल्या, बाळंतिणीच्या खोलीत, सोयरात. हिटरकडे बघितलंसुद्धा नाही. आत्याच्या मांडीवरून बाळ उचललं आणि बाहेर पळाले. जाताना ओरडले, "तिला ओढ बाहेर! आदी तिला! त्या मशिनीला हात लावू नका!"

आईनं मला काखेत धरून ओढलं. मी परकर, स्वेटर, कानाला दोन फडकी अशा अवतारात अंगणात आले आणि तुळशीजवळ ओकले. शेतात आठ-दहा पाहुणे चहाचे कप घेऊन उभे. एकीनं मोबाइल वर केला होता, तो तिनं हळूच खाली घेतला. त्याचं काही वाटण्याच्या पलीकडे मी गेले होते. मी फक्त शेताच्या कडेला उभ्या बाबांच्या हातांकडे बघत होते.

बाळ लुळं पडलं होतं. बाबांनी तिला हातावर पालथं धरून तिचं तोंड वाऱ्याकडे केलं होतं, त्या उघड्या, डोंगरावरून येणाऱ्या, शत्रू वाऱ्याकडे. पायाच्या तळव्यावर टिचक्या मारत होते. "रड गं," म्हणत होते. "रड गं माजे आय, रड." मी आयुष्यात कधी इतकी घाबरले नव्हते. देवाचं नाव वगैरे काही आठवलं नाही मला. तिचं नाकही मी अजून नीट बघितलं नव्हतं, हेच मनात येत राहिलं.

तिला शिंक आली. इवलीशी. मग तिनं तोंड वाकडं केलं आणि मांजरासारखा एक बारीक आवाज काढला. बाबा बाळ छातीशी धरून तिथेच भाताच्या खुंटांवर बसले.

तोवर पाहुण्यांनी आत्यालाही धरून बाहेर आणलं होतं. तंबूंचं सामान आणायच्या टेंपोतून आम्ही कर्जतला गेलो. मागे गाद्यांवर आम्ही तिघी आणि बाळ, ताडपत्री उघडी, सगळा वारा अंगावर. डॉक्टरांनी मला आणि बाळाला लगेच ऑक्सिजन लावला. बोटाला चिमटे, रक्त, सगळं झालं. मग आत्याकडे वळून त्यांनी विचारलं, "खोलीत काय जाळत होता?"

"ओवा," आत्या म्हणाली.

"आणखी?"

"शेपा. लसणीची सालं."

"आणखी?"

आत्यानं छताकडे बघितलं. "हिटर," आईच म्हणाली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, अजून एक दुपार अशीच गेली असती तर मला तुम्हाला वेगळं काहीतरी सांगायला लागलं असतं. कोळसाही तोच गॅस सोडतो, तेही त्यांनी सांगितलं. म्हणजे बंद खोलीतले ते स्वर्गसुखाचे शेकही त्यातलेच, फक्त तेव्हा धूर झाला म्हणून आई अधूनमधून दार उघडत होती. छतावरच्या डागानं आम्हाला वाचवलं होतं आणि आम्ही त्यालाच पुसायला निघालो होतो.

बाबा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होते. माझ्याजवळ आले तेव्हा मला वाटलं, आता झापतील. तेवढा हक्क त्यांनी कमावला होता. पण ते माझ्या कानाचं फडकं सोडत बसले. गाठ फार आवळलेली होती, त्यांना सुटेना. "दुखतंय का?" एवढंच त्यांनी विचारलं आणि परत गाठीला लागले.

आम्ही घरी आलो तेव्हा खोलीचं दार, खिडकी सताड उघडी होती आणि हिटर मागच्या पडवीत, पाठमोरा. त्याला कुणी काही म्हटलं नाही. त्यानं बिचाऱ्यानं काय केलं होतं? जे करतो असं बाबा इतकी वर्षं ओरडून सांगत होते, तेच.

मला राग होता तो आत्याचा. स्पष्ट सांगते, मला ती डोळ्यांसमोर नको होती. तिच्या वयाचा, मायेचा, बोचक्याचा, कशाचाही विचार मला करायचा नव्हता. माझं लेकरू तिच्या मांडीवर विझत होतं आणि ती त्याची दृष्ट काढत होती. मी तिच्याशी बोलले नाही. तीही बोलली नाही. खालापूरला परत जाईल असं मला वाटलं, बाबांनी टमटम विचारूनही ठेवली होती. ती गेली नाही. जेवली नाही, पान खाल्लं नाही, बाळाकडे बघितलंही नाही. बाळ जवळ आणलं की ही उठून दुसरीकडे.

दुपारी मी बाजेवर पडले होते. खिडकी उघडी, थंड वारा सरळ माझ्या अंगावर येत होता आणि मला तो फार आवडत होता. आत्या आत आली. मला वाटलं, खिडकी लावायला आली, आणि मी भांडायच्या तयारीनं उठून बसले. तिनं प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, खिडकीला पाठ लावून गजांना टेकून बसली आणि पदर डोक्यावरून घेतला. खिडकी उघडीच राहिली. माझ्या अंगावरचा वारा थांबला. तो आता सगळा तिच्या पाठीला लागत होता.

"आत्या, सर्दी होईल तुला," मी म्हटलं. रागातच म्हटलं.

"मना होऊ दे," ती म्हणाली.

ती संध्याकाळपर्यंत तशी बसली. दुसऱ्या दिवशी पाठ आखडलेली, तरी पुन्हा येऊन बसली. काही समजावण्यासारखं नव्हतं तिला, समजलं होतं. पण वाऱ्यावरचा विश्वास ती सोडू शकत नव्हती आणि खिडकीही लावू शकत नव्हती, म्हणून मध्ये स्वतः बसली होती.

तिसऱ्या दिवशी आईनं बाळाला आंघोळ घालायला घेतलं. आईला ते कधीच जमत नाही. माझ्या वेळीही आत्यानंच घातली होती म्हणे. बाळ पायावरून घसरलं, पाणी नाकात गेलं, आईनं तांब्या सोडला. आत्या खुर्चीत अर्धी उठली आणि परत बसली. तिचे हात पदरात एकमेकांना चोळत होते.

"आत्या," मी म्हटलं. "तू घाल."

तिनं हात पदरात आणखी आत घेतले.

"ऊठ. मला जमत नाय आणि आईला त्याहून नाय. तूच घाल."

"नको गं," ती म्हणाली. "माजा हात नको लागाया तिला."

मी बाजेवरून उतरले, टाक्यांना कळ लागली तरी उतरले, आईच्या पायांवरून ओलं बाळ उचललं आणि आत्याच्या मांडीवर ठेवलं. माफ केलं होतं का मी तिला? नाही. अजूनही पूर्ण केलेलं नाही. पण ठेवलं.

तिनं पाय लांब केले, बाळाला नडग्यांवर पालथं घेतलं, कोपर बुडवून पाणी बघितलं. तिच्या डोळ्यांतून धार लागली होती, ती पुसायला हात मोकळा नव्हता. पहिला तांब्या पाठीवर पडला आणि माझ्या मुलीनं असा टाहो फोडला की पलीकडे तंबूंतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. बाबा मागच्या अंगणात हातातलं फडकं तसंच धरून उभे राहिले. ती रडत राहिली, लाल होऊन, मुठी आवळून, पार आंघोळ संपून तिला गुंडाळलं तरी. आमच्यापैकी कुणीही तिला गप्प केलं नाही.